घरच्या घरी जेट इंजिन बनतं का? बनतं, पण भीती आगीची नाही, चाकाची आहे

अशी एखादी रील तुमच्यासमोर कधीतरी आली असेलच. भंगारातून आणलेला ट्रकचा टर्बो, त्याला जोडलेला स्टीलचा डबा, एक गॅसची नळी आणि समोर वारा मारायला ब्लोअर. आधी घरघर, मग शिट्टी, मग कानठळ्या बसवणारा आवाज आणि मागून निळसर ज्वाळा. खाली कमेंटची रांग, "भाऊ, प्लॅन पाठव ना."

आता विषय असा आहे की, हे प्लॅन खरंच असतात. ते कुणी लपवूनही ठेवलेले नाहीत. पुस्तकात छापलेत, मापांसकट. आणि त्यावरून जगभरातल्या हौशी लोकांनी चालणारी इंजिनं बनवलीत. त्यामुळे "बनतं का?" या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. बनतं.

पण समजा, हा उद्योग नागपुरात जरीपटक्याला एखाद्या घराच्या गच्चीवर सुरू झाला. जरीपटका म्हणजे उत्तर नागपुरातली दाट वस्ती. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी इथं संसार उभे केले, बाजार उभा केला. गच्चीला गच्ची लागून, खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. अशा ठिकाणी हे इंजिन सुरू केलं तर धोका नेमका कुठून येतो? बहुतेक जण म्हणतील, आग लागेल. आगीचा धोका आहेच. पण त्याहून मोठा धोका रीलमध्ये दिसतच नाही.

तो समजून घ्यायचा, तर आधी हे यंत्र चालतं कसं ते बघावं लागेल.

एक शाफ्ट, दोन चाकं

छोट्या जेट इंजिनचं सगळं गणित एका शाफ्टवर आहे. शाफ्टच्या पुढच्या टोकाला एक चाक, ते कॉम्प्रेसर. मागच्या टोकाला दुसरं चाक, ते टर्बाइन. मध्ये जळणाची खोली.

पुढचं चाक फिरतं तेव्हा बाहेरची हवा आत ओढून दाबतं. दाबलेल्या हवेत रॉकेल किंवा गॅस सोडून पेटवतात. हवा तापते, फुगते आणि मागं पळते. पळता पळता मागच्या चाकाच्या पात्यांना ढकलते, त्यामुळं ते चाक फिरतं. दोन्ही चाकं एकाच शाफ्टवर, म्हणून पुढचंही फिरतं आणि आणखी हवा ओढतं. हे चक्र चालू राहिलं की उरलेली गरम हवा मागच्या तोटीतून जोरात बाहेर पडते आणि इंजिन पुढं ढकललं जातं.

म्हणूनच सुरुवातीला ब्लोअर किंवा छोटी मोटर लागते. चाकं ठरावीक वेगाला पोचल्याशिवाय इंजिन स्वतःच्या पायावर उभं राहत नाही.

ब्रिटनच्या फ्रँक व्हिटल यांनी या कल्पनेचं पेटंट १९३० साली मागितलं आणि त्यांचं इंजिन १९३७ साली पहिल्यांदा चाललं. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन याच वाटेवर होते. त्यांच्या इंजिनवरचं हायंकेल कंपनीचं विमान २७ ऑगस्ट १९३९ला उडालं. तत्त्व तेव्हापासून तेच आहे. त्यात गुपित काही उरलेलं नाही.

मग घरगुती प्लॅन आले कुठून?

बरीच वर्षं असं मानलं जायचं की जेट इंजिन फार छोटं करता येत नाही, आणि आलं तरी ते घरच्या लेथवर होणार नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी कुर्ट श्रेकलिंग या जर्मन हौशी माणसानं हा समज मोडला.

त्यांच्या एफडी ३/६४ इंजिनचं कॉम्प्रेसर चाक चक्क प्लायवूडचं होतं, कार्बन फायबरनं मजबूत केलेलं. टर्बाइनचं चाक त्यांनी स्टीलच्या पत्र्यातून कापून, पाती पिळून केलं. ते चाललं, आणि मॉडेल विमानातून उडालंसुद्धा. मग त्यांनी पुस्तक लिहून सगळी मापं खुली केली.

पुढं १९९०च्या दशकात केजे-६६ नावाचं डिझाइन आलं. यातला ६६ म्हणजे कॉम्प्रेसर चाकाचा व्यास, ६६ मिलिमीटर. लाकडाऐवजी यात गाडीच्या टर्बोचं तयार अॅल्युमिनियमचं चाक वापरलं. इंजिन साधारण थर्मासच्या बाटलीएवढं, पण ढकलण्याची ताकद ७ ते ८ किलोची. जगभरच्या हौशी कारागिरांनी हे डिझाइन बनवलं, सुधारलं. आज बाजारात मॉडेल विमानांसाठी मिळणारी तयार इंजिनं याच कुळातली आहेत.

म्हणजे प्लॅन खरे आहेत आणि ते लिहिणारी माणसंही जबाबदार होती. मग घोडं अडतं कुठं?

ट्रकच्या टर्बोचं जुगाड

रीलमध्ये दिसतं ते बहुतेक वेळा केजे-६६ नसतं. तो सोपा मार्ग असतो.

डिझेल ट्रकच्या टर्बोत हीच दोन चाकं एका शाफ्टवर तयार बसवलेली असतात. ट्रकमध्ये इंजिनाच्या धुरानं मागचं चाक फिरतं, पुढचं चाक इंजिनाला जास्तीची हवा पुरवतं. मध्ये स्वतःचा जळणाचा डबा जोडला, की ट्रकच्या इंजिनाशिवाय टर्बो स्वतःच जेट इंजिनासारखा चालू लागतो. नागपूरसारख्या देशाच्या मधोमध असलेल्या, ट्रकांचा राबता असलेल्या शहरात जुना टर्बो मिळणं अवघड नाही.

पण ट्रकमध्ये असताना या टर्बोवर तीन पहारे होते. एक, त्याला मिळणारा धूर इंजिनाच्या मर्यादेतलाच असायचा. दोन, इंजिनाचा पंप त्याच्या बेअरिंगला सतत दाबानं ऑइल द्यायचा. तीन, वेग हाताबाहेर जाऊ नये अशी सोय कंपनीनं गाडीतच केलेली असायची.

गच्चीवर आणला की तिन्ही पहारे गेले. आता जळण किती जाणार, हे गॅसच्या कॉकवर ठेवलेला एक हात ठरवतो. ऑइलसाठी वेगळा पंप बसवला नाही किंवा तो मध्येच बंद पडला, तर बेअरिंग काही क्षणांत जळून जातं. आणि फेरे किती झाले हे कळायला कानाशिवाय काही नाही.

कोराडीची टर्बाइन आणि गच्चीवरची टर्बाइन

खरी गोष्ट आता येते.

जरीपटक्यातून उत्तरेला निघालं की थोड्या वेळात कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागतात. तिथल्या ६६० मेगावॅटच्या संचांमध्ये वाफेच्या टर्बाइन आहेत. त्या मिनिटाला ३,००० फेरे मारतात. आपल्या विजेची ५० हर्ट्झ वारंवारता तिथूनच येते, सेकंदाला ५० फेरे.

केजे-६६चं इंजिन पूर्ण जोरात चालतं तेव्हा मिनिटाला १ लाख २० हजारांच्या आसपास फेरे मारतं. म्हणजे सेकंदाला २,०००. कोराडीच्या ४० पट.

आता कागद-पेन्सिल घ्या. ६६ मिलिमीटरच्या चाकाचा घेर साधारण २१ सेंटिमीटर. सेकंदाला २,००० फेरे म्हणजे चाकाची कड सेकंदाला ४१५ मीटर पळते. ताशी जवळपास १,५०० किलोमीटर. आवाजापेक्षा जास्त वेग. तोही तळहातावर मावणाऱ्या चाकाचा.

या वेगात त्या चाकावर एक ग्रॅमचं पातं मध्यापासून तीन सेंटिमीटरवर असेल, तर ते बाहेरच्या बाजूला किती ओढलं जातं? जवळपास ४८० किलोच्या ओझ्याएवढं. एक ग्रॅमला पावणेपाच क्विंटल. कापूस मोजणाऱ्या विदर्भाला हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको.

आणि चाक एका बाजूला फक्त एक दशांश ग्रॅमनं जड राहिलं तर? तरी ४८ किलोचा धक्का, सेकंदाला २,००० वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेला. बिचारं बेअरिंग किती टिकणार?

म्हणून अशा चाकांचा तोल मिलिग्रॅममध्ये साधावा लागतो. पात्याचं टोक आणि भोवतीचं आवरण यातली फट साधारण एक-दोन कागदांच्या जाडीएवढी ठेवावी लागते. प्लॅनमध्ये हे आकडे लिहिलेले असतात. पण तोल साधायचं यंत्र आणि तो साधलाय की नाही हे ओळखणारा अनुभव प्लॅनसोबत येत नाही.

शेवटचा हिशोब. फिरणाऱ्या भागातलं १०० ग्रॅम वजन सरासरी दोन सेंटिमीटरवर धरलं, तर पूर्ण वेगात त्यात सुमारे ३,००० जूल ऊर्जा साठलेली असते. ७५ किलोचा माणूस चार मीटर उंचीवरून पडल्यावर जेवढा आपटेल, तेवढी. फरक एवढाच की चाक फुटलं तर ही ऊर्जा अंगठ्याएवढ्या धातूच्या तुकड्यांमधून बाहेर येते. ट्रकच्या टर्बोचे फेरे थोडे कमी असतात, पण चाक मोठं आणि जड असतं. म्हणजे हिशोब काही हलका होत नाही.

आग लागली तर पळायला दोन-चार सेकंद तरी मिळतात. फुटलेलं चाक तेवढाही वेळ देत नाही.

कोराडीत याची काळजी कशी घेतात? टर्बाइन जाडजूड पोलादी आवरणात बंद असते आणि वेग ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दहा टक्के वर गेला की वाफ आपोआप बंद होते. दहाच टक्क्यांवर का? कारण चाकावरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दहा टक्के वाढला की ताण २१ टक्के वाढतो. विकत मिळणाऱ्या मॉडेल इंजिनात हेच काम एक छोटा इलेक्ट्रॉनिक डबा करतो. तो फेरे मोजतो, तापमान बघतो आणि गडबड वाटली की इंधन तोडतो. रीलमधल्या जुगाडात हा डबा बहुतेक वेळा नसतो.

धातूचं दुखणं, जे देशालाही चुकलेलं नाही

दुसरी अडचण उष्णतेची. मागचं चाक फिरतं ते सहाशे-सातशे अंशांच्या वायूत. इतक्या तापमानाला साधं पोलाद लाल होतं आणि मऊ पडतं. मऊ पडलेल्या पात्याला ते पावणेपाच क्विंटल ओढत असतात. पातं हळूहळू लांबतं, आवरणाला घासतं आणि तुटतं. म्हणून चांगल्या छोट्या इंजिनात टर्बाइनचं चाक निकेलच्या खास मिश्रधातूचं, ओतून केलेलं असतं. ते गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये होत नाही, विकत आणावं लागतं.

हे फक्त हौशी लोकांचं दुखणं आहे असं नाही. तेजस लढाऊ विमानासाठी कावेरी नावाचं स्वदेशी इंजिन करायचा प्रकल्प १९८९ साली मंजूर झाला. बंगळुरूची जीटीआरई ही संस्था त्यावर राबली. पण हवी तेवढी ताकद मिळेना, वजन जास्त होईना कमी. २००८ साली कावेरीला तेजसपासून वेगळं केलं गेलं आणि तेजस अमेरिकन जीई कंपनीच्या इंजिनावर उडत राहिलं. जगातली मोजकीच राष्ट्रं लढाऊ विमानाचं जेट इंजिन स्वतः बनवू शकतात, आणि त्यामागचं एक मोठं कारण टर्बाइनच्या पात्यांचा धातू हे आहे. मोठ्या इंजिनात वायूचं तापमान त्या धातूच्या वितळण्याच्या तापमानाहूनही जास्त असतं. पात्यात बारीक पोकळ्या ठेवून त्यातून हवा खेळवतात, तेव्हा ते टिकतं.

फुलसावंगीला काय झालं होतं

विदर्भातलाच यवतमाळ जिल्हा. तिथं महागाव तालुक्यात फुलसावंगी गाव आहे. गावातल्या २४ वर्षांच्या एका तरुणानं वेल्डिंगचं काम करता करता स्वतःच्या हातानं एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवलं. शिक्षण आठवीपर्यंत. इंजिन मारुती ८००चं. स्वातंत्र्यदिनाला ते सगळ्यांना दाखवायचं, असं ठरलेलं.

१० ऑगस्ट २०२१च्या रात्री जमिनीवरच चाचणी सुरू होती. बातम्यांनुसार शेपटाचा पंखा तुटला, तो मुख्य पंख्यावर आदळला आणि पंख्याचा घाव त्याच्या डोक्याला बसला. त्यातच त्याचा जीव गेला.

आग नाही, स्फोट नाही, हेलिकॉप्टर जमिनीवरून उठलंसुद्धा नव्हतं. फिरणारा भाग तुटला आणि माणूस त्याच्या वाटेत होता. हेलिकॉप्टरचा मुख्य पंखा मिनिटाला काहीशे फेरेच मारतो. गच्चीवरच्या टर्बोचे फेरे लाखाच्या घरात जातात.

त्या पोराच्या हुशारीबद्दल शंका नव्हतीच. कमी होती ती तुटलेला तुकडा अडवेल अशा आवरणाची, दुरून चाचणी घेण्याच्या सोयीची आणि "थांब, आधी हे तपासू" असं म्हणणाऱ्या जाणकाराची.

दुसरं उदाहरण मुंबईचं. पेशानं वैमानिक असलेल्या अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान जोडलं. फेब्रुवारी २०१६मध्ये ते मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर २०१७मध्ये डीजीसीएची नोंदणी मिळाली, उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९मध्ये. मग धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. या दिरंगाईवर टीका झाली आणि त्यात तथ्यही होतं. पण यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. गच्ची जोडणीसाठी होती. चाचणीसाठी विमान मोकळ्या जागेत गेलं.

नागपूरचा उन्हाळा मध्ये येतो

अजून एक गोष्ट खास आपल्याकडची. इंजिनाचे प्लॅन युरोपात लिहिले गेले, तिथल्या थंड हवेत तपासले गेले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ असते. त्यात नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर. दोन्ही धरलं तर समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा इथली हवा साधारण १२ टक्के विरळ होते.

हवा कमी म्हणजे ताकद कमी. मग माणूस काय करतो? कॉक थोडा आणखी उघडतो. हवा तेवढीच, जळण जास्त, म्हणजे मागचं चाक आणखी तापतं. जे तापमान प्लॅनमध्ये मर्यादा म्हणून लिहिलंय, ते नागपुरात दुपारी दोन वाजता सहज ओलांडलं जातं.

कायदा काय म्हणतो?

जमिनीवर स्टँडला बांधलेलं इंजिन म्हणजे विमान नव्हे, त्यामुळं विमान नोंदणीचा प्रश्न तिथं येत नाही. पण बाकीचे नियम आहेत.

घरगुती गॅस सिलिंडर स्वयंपाकाशिवाय दुसऱ्या कामाला वापरायला २०००च्या एलपीजी आदेशानं मनाई आहे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि असं इंजिन जवळून १०० डेसिबलच्या वर जातं. हेच इंजिन रिमोटच्या मॉडेल विमानात बसवून उडवायचं तर ड्रोन नियम २०२१ लागू होतात. २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलना त्यात बऱ्याच सवलती आहेत. पण कुठं उडवायचं हे डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर बघावंच लागतं. नागपुरात सोनेगावचा विमानतळ आहे, हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या आणि पिवळ्या पट्ट्यात हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही.

मग हौस असेल तर करायचं काय?

हे सगळं वाचून "नको रे बाबा" म्हणायची गरज नाही. शिकायला हे यंत्र फार भारी आहे. फक्त क्रम बरोबर लावायचा.

सुरुवात थंड टर्बोपासून करा. भंगारातला टर्बो उघडा, चाकं हातानं फिरवा, शाफ्टला किती खेळ आहे ते बघा, पात्यांच्या कडा घासल्यात का ते तपासा. जळण न लावताही यातून अर्धं इंजिन कळतं. पुढची पायरी लेथवर अचूक काम शिकण्याची. तिसरी, इंजिनीअरिंग कॉलेजची कार्यशाळा आणि मार्गदर्शक प्राध्यापक. नागपुरात कॉलेजांची कमी नाही. तोल साधायचं यंत्र, भिंतीआडून चाचणी घ्यायची खोली आणि चूक दाखवणारं अनुभवी माणूस तिथं मिळू शकतं.

आणि इंजिन कधी खरंच पेटवायची वेळ आली, तर एक नियम जगभरचे अनुभवी हौशी लोक पाळतात. चाक ज्या रेषेत फिरतं, त्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. चाक फुटलं तर तुकडे आडवे, त्याच पातळीत चारी बाजूंना उडतात. म्हणून चाकाभोवती जाड पोलादी कडं लावतात आणि माणसं पुढच्या बाजूला, तिरकी, लांब थांबतात. मोकळ्या मैदानात हे जमतं. जरीपटक्याच्या गच्चीवर त्याच रेषेत शेजाऱ्याची गच्ची येते, तिथं कुणी पापड वाळत घालत असतं.

त्यामुळं पुढच्या वेळी अशी रील दिसली, तर ज्वाळेकडं थोडं कमी बघा. फेरे मोजायला काही लावलंय का, चाकाभोवती कडं आहे का आणि व्हिडिओ काढणारा नेमका कुठं उभा आहे, ते बघा. आणि प्लॅन मागायच्या आधी हेच तीन प्रश्न कमेंटमध्ये विचारा.